पाणी एकदाच, पवित्र आत्मा मात्र रोज

सोमवार

येत्या रविवारी प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. जानेवारीतला हा रविवार नाशिकला ऐन थंडीत येतो. निफाडकडे पारा कधी कधी पाच अंशांखाली उतरतो, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नेमकं त्याच आठवड्यात पाण्याविषयी बोलणं चालतं.

या गावात बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली की शेजारीपाजारी सहज म्हणतात, "म्हणजे तुमचंही गंगेवरचं स्नानच की." प्रश्न मनापासूनचा असतो आणि तसंच उत्तरही द्यावं. रामकुंडावरचं स्नान पर्वकाळी करतात, पुढच्या पर्वकाळी पुन्हा करतात, सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो. बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच. पापाचं धुतलं जाणं बायबलात आहेच, पण रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल आणखी खोल जातो. बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, असं तो लिहितो. पाण्याखाली जाणं म्हणजे कबरेत जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. अंघोळ रोज करता येते, मरण एकदाच येतं. पुन्हा बाप्तिस्मा का नाही, याचं कारण इथेच सापडतं.

मग निष्पाप येशू यार्देन नदीत का उतरला? तिथे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानालाही हे पटत नव्हतं. तो नाही म्हणत होता (मत्तय 3:14). तरी येशू पाप्यांच्या रांगेत उभा राहिला आणि पाण्यातून वर येताच आकाश विदारलेलं आणि आत्मा कबुतरासारखा उतरताना त्याला दिसला. शुभवर्तमानकार मार्काने पाणी आणि आत्मा एकाच वाक्यात ठेवले आहेत. पुढे मंडळ्यांनी त्यांची ताटातूट केली, एकीने पाणी धरलं, दुसरीने आत्मा. त्याचं मला फार वाईट वाटतं.

मंगळवार

आज फक्त पाण्याच्या तयारीचं.

पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या 'डिडाखे' या छोट्या पुस्तिकेत याची सूचना आहे. वाहतं पाणी घ्यावं. ते नसेल तर दुसरं. थंड चालत नसेल तर कोमट. दोन्ही पुरेसं नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा ओतावं. आणि आधी एक-दोन दिवस उपास करावा, देणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही. इतक्या जुन्या काळीही पाण्याच्या प्रमाणावरून कुणाला अडवलेलं नाही, हे बुडवणं श्रेष्ठ की ओतणं श्रेष्ठ असा वाद घालणाऱ्यांनी वाचावं.

वाहतं पाणी म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांसमोर गोदावरी येते. पण शहरातल्या पात्रात पानवेली आणि सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं. द्राक्षपट्ट्यातल्या मंडळ्यांना शेततळं सोयीचं वाटतं, पण ते सगळ्यांत धोक्याचं. प्लास्टिक अंथरलेला उतार ओला झाला की पाय ठरत नाही, आणि पोहणाऱ्यालाही दोराशिवाय वर येता येत नाही. तिथे बाप्तिस्मा करूच नये. चर्चच्या आवारातली बांधीव टाकी सर्वांत बरी.

आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि साडेतीन फूट पाणी धरलं तर साधारण चार हजार लिटर लागतं. लांबी महत्त्वाची, कारण माणूस मागे आडवा होताना त्याचं डोकं कठड्यावर आपटता कामा नये. पाणी कमरेच्या थोडं वर असावं. त्याहून कमी असेल तर पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, सगळं वजन उचलावं लागतं आणि पाठ धरते. पायऱ्या खरखरीत हव्यात, एका बाजूला धरायला दांडा हवा.

थंडीत लोक टाकीत हीटरची कांडी सोडतात. हिशेब करून पाहावा: चार हजार लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला दोन किलोवॉटची कांडी जवळजवळ पूर्ण दिवस चालते. माणूस उतरताना ती चुकून चालू राहिली तर जीव जातो. त्यापेक्षा टाकीत साडेतीन हजार लिटर घेऊन बाहेर बंबात उकळत आलेलं सव्वाचारशे लिटर ओतावं. पाणी आठेक अंशांनी वाढतं. तेही जमत नसेल तर पहाटेऐवजी भर दुपारी कार्यक्रम ठेवावा. वायरचा माइक पाण्यात उभं राहून हातात घेऊ नये, हे प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं.

कपड्यांचंही तसंच. ओली साडी पायांत गुंतते आणि पायरी चढताना पाडते. गडद रंगाचा सलवार-कुर्ता घालावा, वर पांढरा झगा. झगा पाण्यात फुगून वर तरंगतो, म्हणून खालच्या दुमडीत वजन शिवून टाकावं. बायकांना बाहेर येताक्षणी चादर आणि टॉवेल द्यायला एक बहीण पायरीवर उभी असावी, कपडे बदलायची खोली जवळ असावी. कुणालाही शरमेने अंग चोरत बाहेर यावं लागू नये. त्या क्षणी तिच्या मनात फक्त देव असायला हवा.

प्रत्यक्ष कृती अशी. उमेदवार पाळकाकडे कूस करून उभा राहतो आणि दोन्ही हात छातीशी धरतो. पाळकाचा एक हात त्याच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली. दुसरा त्याच्या हातांवर, कारण तिथूनच नाक दाबता येतं. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो" हे शब्द, मग गुडघे वाकवून मागे, पूर्ण पाण्याखाली, आणि लगेच वर. नेहमी होणारी चूक म्हणजे शब्द सुरू होताच उमेदवार श्वास रोखतो आणि बुडायच्या वेळी त्याचा दम संपलेला असतो. खांद्यावर दाब दिला की श्वास धर, एवढं आधी ठरवून ठेवावं. दुसरी चूक गुडघे ताठ ठेवण्याची. मग पाय सटकतात. उंच किंवा भारी माणसाला पाण्यात गुडघ्यांवर बसवून मागे झुकवणं सोपं जातं. हृदयविकार असलेले, फिट येणारे, अशक्त वृद्ध यांच्या डोक्यावर पाणी ओतावं. त्यांचा बाप्तिस्मा तसूभरही कमी नसतो.

बुधवार

डोक्यावर पाणी ओतण्याची पद्धत सोपी दिसते, म्हणून तिच्यात निष्काळजीपणा जास्त होतो. बाळाचं डोकं जरा खाली आणि एका कुशीला धरावं, म्हणजे पाणी कपाळावरून मागे वाहून पात्रात पडतं, नाकाडोळ्यांत जात नाही. पाणी कोमट असावं. चार थेंब जावळावरच राहून गेले असं होऊ नये. पाणी कातडीला लागून वाहिलं पाहिजे. पाणी साधंच हवं. आणि जो शब्द उच्चारतो त्यानेच ओतावं; आजोबांनी ओतायचं आणि पाळकांनी म्हणायचं, ही वाटणी चालत नाही.

शब्द किती नेमके हवेत, याचा दाखला अलीकडचाच आहे. ऑगस्ट 2020 मध्ये व्हॅटिकनने सांगितलं की 'मी' ऐवजी 'आम्ही बाप्तिस्मा देतो' असं म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, तो नव्याने द्यावा. काहींना हा कायदेकानूचा कीस वाटला. पण बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त आहे, जमलेला समाज नव्हे, एवढंच त्या एका शब्दात राखायचं आहे.

दवाखान्यात अगदी नाजूक अवस्थेतलं बाळ असेल आणि फादर वेळेत पोहोचणार नसतील, तर कॅथलिक मंडळीत कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, बाप्तिस्मा न झालेली परिचारिकासुद्धा. फक्त मंडळीला जे करायचं असतं तेच करण्याचा हेतू हवा. नळ्या लावलेल्या बाळासाठी परिचारिकेला विचारून निर्जंतुक कोमट पाणी सिरिंजने कपाळावर तीनदा सोडावं, तेवढं पुरतं. बाळ वाचलं, घरी आलं, की तैलाभ्यंग आणि स्वागताचा विधी चर्चमध्ये पूर्ण करतात. पाणी पुन्हा ओतत नाहीत. नोंद मात्र त्याच दिवशी करून ठेवावी. तारीख, साक्षीदार आणि शब्द म्हणणाऱ्याचं नाव लिहिलेलं नसलं तर वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी कुणाला काही आठवत नाही.

नोंदवहीत नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी जुळवून घ्यावं. पुढे आधार, शाळा आणि लग्न यांत निम्मा त्रास त्याचाच होतो. नवं नाव घेण्याची सक्ती कुठेही नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला आणि ते नारायण वामनच राहिले.

शुक्रवार

आता आत्म्याविषयी. इथे मला घाई करायची नाही.

प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडून क्रम शोधायला बसलं तर तो सापडतच नाही. पेत्र यरुशलेमेत म्हणतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, म्हणजे आत्म्याचं दान मिळेल. शोमरोनात लोकांनी पाणी घेतलं, आत्मा मात्र पेत्र आणि प्रेषित योहान यांनी येऊन हात ठेवल्यावर उतरला. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी उलट झालं. पेत्राचं बोलणं संपायच्या आतच आत्मा उतरला, आणि मग पेत्राने विचारलं, यांना पाणी कोण मना करणार? इफिसात बाराएक माणसं भेटली. योहानाचा बाप्तिस्मा घेतलेली, पण पवित्र आत्मा आहे हेसुद्धा न ऐकलेली. आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या, वधस्तंभावरच्या चोराला तर पाणी मिळालंच नाही.

इतकी वेगवेगळी उदाहरणं बायबलातच ठेवली आहेत, तर त्यातल्या एकाचा नियम करून बाकीच्यांना अपुरं ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? 'पाणी झालं, पण तुमचा आत्म्याचा बाप्तिस्मा झाला का?' असं धाक घालून विचारणारे आहेत. अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने तोंडून निघणारी अनोळखी बोली) बोलता आल्या नाहीत म्हणून रात्र रात्र रडणारी माणसं या प्रश्नाने तयार होतात. दुसरीकडे, दाखला कपाटात आहे, आता आणखी काय, असं मानणारेही आहेत. कर्नेल्याच्या घरी आत्मा आलेला असूनही पेत्राने पाणी मागवलं आणि शोमरोनात पाणी झालेलं असूनही प्रेषित हात ठेवायला गेले. दोन्हीपैकी एकावर भागवलं नाही.

आपल्या मराठी मंडळीला यासाठी लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला, सोबत लेक मनोरमाचाही. पण त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितलं आहे, की त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता. ख्रिस्त स्वतः भेटला तो पुढे कैक वर्षांनी. मग 1905 च्या जूनमध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात संजीवन (आत्मिक जागृतीची लाट) आलं. मुली पापांची कबुली देत रडू लागल्या, प्रार्थना थांबेना. अन्य भाषाही बोलल्या गेल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं प्रसिद्ध संजीवन याच्या पुढच्या वर्षीचं. आणि एवढं सगळं डोळ्यांनी पाहूनही, अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण, असा आग्रह रमाबाईंनी धरला नाही. त्या प्रीतीकडे आणि सेवेकडे बोट दाखवत राहिल्या. या बाबतीत त्यांच्याइतकं स्वच्छ शिक्षण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त घ्यायचे होते. त्यांची तळमळ कळते, तरी मला वाटतं पाणी इतकं सैल सोडू नये. आत्मा अदृश्य आहे. माणसाच्या अंगाला काहीतरी लागायला हवं.

शनिवार

पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांविषयी. लहानपणी झालेला, पण 'समजून उमजून' नव्हता म्हणून दुसऱ्यांदा; मग नव्या मंडळीत गेलो म्हणून तिसऱ्यांदा. हा प्रश्न चौथ्या शतकातही पेटला होता. इ.स. 314 मध्ये आर्ल इथल्या धर्मसभेने सांगितलं, की बाप्तिस्मा त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने झालेला असेल तर पाणी पुन्हा नाही, फक्त हात ठेवावेत. झाला की नाही याचीच खात्री नसेल, तर कॅथलिक मंडळीत 'जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' अशी अट घालून देतात. उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला एकत्र आली तेव्हा तिच्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त मोठ्यांना देणारे बॅप्टिस्टही. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून ती मंडळी चालली आहे.

द्राक्षबाग पाहिलेल्याला हे समजावणं सोपं जातं. डॉगरिज जातीच्या खुंटावर काडीचं कलम एकदाच बांधतात. छाटणी मात्र दर वर्षी दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वेल रोगट झाली म्हणून कुणी दर हंगामाला नवं कलम बांधत नाही. पापात पडलेल्याला पश्चात्ताप आहे, प्रभुभोजन आहे, आत्म्याने भरलं जाणं आहे. ते इफिसकरांस पत्रात 'भरत राहा' अशा अर्थानेच आलं आहे.

उमेदवारांना आणखी एक गोष्ट आधीच सांगावी, लपवू नये. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले, ख्रिस्ती नाहीत. पेठ, सुरगाण्याच्या आदिवासींच्या अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची ही अट नाही. मुलाच्या शिक्षणाचा विचार करून कुणी वर्षभर थांबला तर त्याला भित्रा म्हणू नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. आणि सगळं जाणून जो पाण्यात उतरतो, त्याने काय मोजलं आहे याची मंडळीने आठवण ठेवावी.

बाप्तिस्म्यानंतरचे पहिले तीन-चार महिने सर्वांत अवघड. घरचे दुरावलेले असतात, सणावाराला बोलावणं येत नाही, आणि टाकीपाशी टाळ्या वाजवणारे आपापल्या कामाला लागलेले असतात. म्हणून प्रत्येकाला एक कुटुंब नेमून द्यावं: आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जेवण, एक शुभवर्तमान सोबत वाचून संपवणं, आजारपणात दवाखान्यात कोण बसणार हे ठरलेलं. उद्याच्या यादीत उमेदवाराच्या नावासमोर या कुटुंबाचं नाव लिहिलेलं नसेल, तर ते आज रात्रीच लिहावं.