गॅस संपत नसतो

मार्च कलायला लागला की नागपुरात कार एसीवाल्यांच्या दुकानांसमोर गाड्या बॉनेट वासून उभ्या दिसतात. घरच्या कूलरच्या ताट्या बदलायच्या, माठ आणायचा आणि गाडीत गॅस भरायचा, ही इथली उन्हाळ्याची ठरलेली कामं. पहिली दोन समजू शकतो. तिसऱ्याचं मला नेहमी नवल वाटतं. कारण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा त्याची वाफ होते आणि होता होता आतली उष्णता ओढून घेते. गोल फिरणारा तोच गॅस. कमी झाला, म्हणजे कुठून तरी गेला.

जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडाफार झिरपतो, हे मान्य. पण त्याला वर्षं लागतात. गेल्या एप्रिलात भरलेला गॅस यंदाच्या मार्चपर्यंत टिकला नसेल, तर कुठे तरी भोक आहे. तरी आपण पुन्हा भरूनच घेतो. अर्ध्या तासात थंड हवा लागते, खिशाला फारशी झळ बसत नाही आणि भोकाचा विषय दिवाळीनंतर बघू म्हणता येतं. दिवाळीनंतर नागपुरात एसी आठवतो कोणाला?

आमच्या सोळा वर्षांच्या गाडीचं असंच चाललं होतं. एसी धड असला की बटण दाबल्यावर बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो. चुंबकी क्लचने कॉम्प्रेसरला पकडल्याचा तो आवाज. पाठोपाठ छोटं इंजिन क्षणभर दबतं. यंदा तो ‘टक्’च बंद झाला. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. ते बरंच आहे म्हणा. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना तो चालत राहिला तर कोरडा घासून जाम होईल.

मेकॅनिकने आधी सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं. गॅस सुटतो तिथे तेलही सुटतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. पुढे कुठे डाग नव्हता. मग नायट्रोजन भरून जोडांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही. दाबाचा काटा मात्र हळूहळू उतरतच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, कॉइल गेली. डॅशबोर्ड खोलावा लागते."

हे वाक्य जुन्या गाडीच्या मालकाला डॉक्टरच्या ‘अॅडमिट करा’सारखं लागतं.

स्टिअरिंगखालची कव्हरं, टेप, ग्लव्ह बॉक्स, सगळं मागच्या सीटवर आलं. कॉइल निघाली तेव्हा तिच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला होता आणि खालच्या कोपऱ्यात अॅल्युमिनियमला पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. तिथेच टाचणीच्या टोकाएवढं भोक. नवी कॉइल, जोडांतले नवे रबरी ओ-रिंग, ओलावा शोषणारा नवा ड्रायर. मग अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम पंप. ही पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच पुढच्या वर्षीच्या दुखण्याची सोय होते. निर्वात झाल्यावर आतला ओलावा साध्या तापमानालाच उकळून निघून जातो. राहिला तर आतून धातू खातो. शेवटी बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे वजनकाट्यावर तोलून गॅस. छोट्या गाडीला अर्धा किलोही लागत नाही आणि ‘थोडा जास्तच टाका’ म्हटल्याने गारवा वाढत नाही, दाब वाढतो.

थांबून थांबून मी वैतागलो होतो खरा. पण १९४० सालच्या पॅकार्ड गाडीत एसी बंद करायला खाली उतरून, बॉनेट उघडून हाताने पट्टा काढावा लागायचा. त्यामानाने आपलं बरं चाललंय.

संध्याकाळी ‘टक्’ झालं. बाहेर त्रेचाळीस, आत गार. फक्त ग्लव्ह बॉक्स आता प्रत्येक खड्ड्याला खडखडतो. शेजारी बसणाऱ्याने त्याला गुडघा टेकवून बसायचं, असं घरात ठरलंय.