टू इंटू थ्री

अमेरिकेतल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, प्रीकॅल्क्युलसचा (कॅल्क्युलसच्या आधीच्या गणिताचा) तिसरा तास होता. प्रोफेसरांनी विचारलं, पुढची पायरी काय? मी माइक सुरू करून म्हणाले, "टू इंटू थ्री एक्स." त्यांनी स्क्रीनवर तीन एक्स भागिले दोन असं लिहिलं. मी म्हटलं, "नो सर, टू इंटू थ्री एक्स." त्यांनी आपण लिहिलेल्याखालीच एक रेघ ओढली आणि थांबले. झूमवरच्या तीसेक चौकटी माझ्याकडे बघत होत्या. सहावीतली माझी लेक समोर बसून पोळी खात होती, ती हळूच म्हणाली, "आई, टाइम्स म्हण. इंटू म्हणजे भागाकार."

चाळीस वर्षांची होत आले होते तोवर दोन गुणिले तीनला मी 'टू इंटू थ्री'च म्हणत आले. इथे 'टू इंटू सिक्स' म्हणजे सहात दोन किती वेळा जातात, म्हणजे तीन. त्याच तासाला मी आणखी एक गोंधळ घातला. "सर, आय हॅव अ डाउट," म्हणाले. त्यांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं मी त्यांचं उत्तर चूक आहे म्हणतेय. इथे 'क्वेश्चन' असतो, डाउट नसतो.

ही २०२१च्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही २०१८ पासून सॅन होजेजवळ राहतो. नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-फोरवर. मी कोल्हापूरची, बी.कॉम. अकरावीला गणित की एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) असा प्रश्न आला तेव्हा मी एस.पी. घेऊन गणिताला रामराम ठोकला होता. त्यामुळे माझं गणित दहावीपर्यंतचं आणि तेही मराठीतलं: लसावि, मसावि, छेद, अंश, बैजिक राशी. कॅल्क्युलस हा शब्द फक्त सायन्सला गेलेल्या मैत्रिणींच्या तोंडून ऐकलेला.

मग गणितच का? लॉकडाऊनमध्ये रोज आकडे बघायचे. पॉझिटिव्हिटी रेट, सात दिवसांची सरासरी, लशीची परिणामकारकता इतके टक्के. एके दिवशी नवऱ्याला विचारलं, ९५ टक्के परिणामकारक म्हणजे शंभरातल्या पाच जणांना होणारच का? त्याला सांगता येईना. मलाही येईना. (तसा अर्थ नसतो. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत लस घेतलेल्यांमध्ये आजारी पडण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांनी कमी, असा असतो.) ते डोक्यात राहिलं.

एच-फोरवाल्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते, कारण मला ती कळायला दोन वर्षं लागली. शिकायला एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. एच-फोरवर शिकता येतं आणि एफ-वनसारखी दर सेमिस्टरला बारा युनिट्सची (क्रेडिट्सची) सक्ती नसते. एक विषय घ्या, दोन घ्या. कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त राहत असाल आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दाखवता आला, तर कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांची फी लागते: युनिटला ४६ डॉलर. तिथल्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला साठ युनिट्स, म्हणजे २७६० डॉलर. बाहेरच्यांना याच्या कितीतरी पट. आम्ही घराचा करार, टॅक्स रिटर्न आणि ड्रायव्हिंग लायसन्स दिलं. पुस्तकांचा खर्च बराचसा वाचला, कारण काही विषयांना ओपनस्टॅक्सची फुकट पुस्तकं होती. टीआय-८४ कॅल्क्युलेटर लायब्ररीतून सेमिस्टरभर मिळाला.

आईला हे फोनवर समजावणं फीपेक्षा अवघड गेलं. "पदवी आहे की तुझ्याकडे. परत ही कसली?" असोसिएट डिग्रीला आपल्याकडे नेमका जोड नाही. बारावीनंतरची पहिली दोन वर्षं इथे कमी पैशांत करायची आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. २०१०च्या कायद्याने कॅलिफोर्नियात 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' सुरू झाली. ती नीट पूर्ण केली की कॅल स्टेटच्या विद्यापीठांपैकी कुठेतरी जागा मिळण्याची हमी असते, मात्र हव्या त्या कॅम्पसची नाही. आईने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अकरावी-बारावी परत." मी म्हटलं, एफ.वाय., एस.वाय. म्हण.

काउन्सिलरबाईंकडे मी बी.कॉम.च्या सगळ्या गुणपत्रिका आणि त्यांचं इव्हॅल्युएशन घेऊन गेले होते. पैसे भरून करून घेतलेलं, रंगीत फाइलमध्ये लावलेलं. वाटलं होतं, निदान वीसेक युनिट्स सुटतील. ट्रान्सफरसाठी जे सामान्य विषय लागतात त्यांच्या यादीत परदेशातले कोर्स धरत नाहीत, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली. शून्य. मग यादीत खाली जात त्यांनी विचारलं, "सहावीपासून पुढची दोन वर्षं इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतून शिकलात का?" मी म्हटलं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. "मग हा चौकोन भरला. शाळेचा पुरावा आणा." यादीत इंग्रजीव्यतिरिक्त एका भाषेची अट होती. बाकीची पोरं त्यासाठी स्पॅनिश शिकत होती.

भाऊ कोल्हापुरात आमच्या शाळेत गेला. कारकुनांनी विचारलं, "अमेरिकेत सातवीचा दाखला कशाला पायजे ओ?" त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण शाळेने माध्यम मराठी असल्याचं इंग्रजीत लिहून, शिक्का मारून दिलं. माझं बी.कॉम. त्या यादीत कुठेच नाही, आणि सहावी-सातवी आहे.

इंग्रजी निबंधाचा आणि भाषणाचा कोर्स मी दात-ओठ खाऊन उरकला. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की भाषणासाठी मी पावकी-निमकी-दिडकी-अडीचकी हा विषय घेतला. अपूर्णांकांचे पाढे लोक पाठ करायचे, यावर वर्गाचा विश्वासच बसेना. मी 'दहा अडीच पंचवीस' म्हणून दाखवल्यावर शेजारच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने फोन काढून पडताळून पाहिलं. तो रात्री गोदामात काम करायचा आणि सकाळी आठला वर्गात यायचा. माझ्या बऱ्याच वर्गांत तो होता.

कॅल्क्युलस टू म्हणजे खरी खिंड. कॅल्क्युलस वनमध्ये उतार काढायचे, तो प्रकार हाताला बसला. टूमध्ये अनंत बेरजा येतात आणि प्रत्येक बेरजेला विचारायचं, तू कुठे थांबतेस की नाही? पहिल्या मिडटर्मला शंभरपैकी ५८. विषय सोडायची मुदत जवळ आली होती, सोडला असता तर ट्रान्सस्क्रिप्टवर नुसता 'डब्ल्यू' पडला असता. फॉर्म उघडून दोन संध्याकाळी बसले होते.

अडले होते एका साध्या दिसणाऱ्या बेरजेवर: एक, अधिक एक-द्वितीयांश, अधिक एक-तृतीयांश, अधिक एक-चतुर्थांश, असंच पुढे. दर पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा लहान. माझं मन म्हणायचं, ही कुठेतरी थांबणारच. पुस्तक म्हणायचं, थांबत नाही. मी ऑफिस अवर्सना गेले. सरांनी फळ्यावर तुकड्यांना कंस घातले आणि मला एकदम आजीची मापं दिसली. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. एक-तृतीयांश आणि एक-चतुर्थांश, दोन्ही निदान पावशेर तरी आहेत. दोन पावशेर म्हणजे अच्छेर. पुढचे चार, एक-पंचमांशापासून एक-अष्टमांशापर्यंत, प्रत्येक निदान नवटाक. चार नवटाक, पुन्हा अच्छेर. पुढचे आठ, प्रत्येक निदान छटाक. आठ छटाक, पुन्हा अच्छेर. तुकडे कितीही बारीक होवोत, दरवेळी दुप्पट तुकडे गोळा केले की अर्धा शेर मिळतोच, आणि अर्धे अर्धे शेर मोजत राहिलं तर पोतं भरणारच. भरतं मात्र फार सावकाश. बेरीज दहाच्या पुढे जायला १२,३६७ तुकडे लागतात.

सरांना हे शेर-छटाक सांगता सांगता माझी जीभ वळेना. शेवटी स्वयंपाकघरातलं पाव कप, अर्धा कप वापरून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता हेच वाक्यांत लिहून आणा. फक्त आकडे नकोत." फॉर्म मी बंद केला. शेवटी बी मिळाला.

'वाक्यांत लिहा' हे प्रकरण पुढे शेवटपर्यंत मला छळत राहिलं. आम्हाला शाळेत उत्तराखाली दुहेरी रेघ मारली की झालं, अशी सवय. इथे उत्तर बरोबर आणि गुण अर्धे, हे मी किती वेळा पाहिलं! सगळ्यात जास्त लागलं ते स्टॅटिस्टिक्समध्ये. स्वतः आकडे गोळा करून प्रोजेक्ट करायचं होतं. मी कॉलेजला जाणारी बस किती मिनिटं उशिरा येते ते ३६ दिवस वहीत लिहिलं. सरासरी उशीर ६ मिनिटं, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) ४. त्यावरून ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरी सरासरी ज्यात पकडायची तो आकड्यांचा पट्टा, काढला, साधारण ४.६ ते ७.४ मिनिटं. गणित चोख होतं. खाली लिहिलं, 'खरी सरासरी या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.' मॅडमनी त्या वाक्यावर लाल काट मारली. गुण गेले.

मी भांडायला गेले. त्या म्हणाल्या, बसची खरी सरासरी काय आहे ती आहे, ती हलत नाही. हलतो तो तुमचा पट्टा. तुम्ही दुसरे ३६ दिवस घेतले असते तर पट्टा वेगळा आला असता. असे शंभर पट्टे काढले तर त्यांतल्या साधारण ९५ पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल. ९५ टक्के भरवसा आहे तो पट्टा काढायच्या रीतीवर. तुमच्या या एका पट्ट्यात ती एकतर आहे किंवा नाही. घरी येईपर्यंत मी मनात भांडतच होते. रात्री भाजी चिरताना पटलं. कंदिलाखाली जाळं फेकणाऱ्या माणसासारखं: मासा जागच्या जागी आहे, जाळं इकडे-तिकडे पडतंय.

त्याच मॅडमनी एकदा बर्कलेची गोष्ट सांगितली. बर्कले आमच्यापासून तासाभरावर. १९७३ मध्ये तिथल्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशाला अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, बायकांपैकी ३५ टक्क्यांना. सरळ पक्षपात दिसतो. पण विभागवार पाहिलं तर बहुतेक ठिकाणी तसं काही नव्हतं, काही ठिकाणी उलट बायकांचं पारडं थोडं जड होतं. बायकांनी जास्त अर्ज केले होते ते मुळात कमी जागा देणाऱ्या विभागांना. वर्गातली तरुण पोरं म्हणाली, म्हणजे पक्षपात नव्हता. मी म्हटलं, त्या विभागांना बायका जास्त आणि जागा कमी, हे तरी का? मला एस.पी. घ्यायला कोणी सक्ती केली नव्हती. मॅडम म्हणाल्या, तो प्रश्न या तक्त्यात नाही.

या विषयाचा नाद लागला तेव्हा मला वसंतराव हुजूरबाजार हे नाव पहिल्यांदा कळलं. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकलेले, १९५३ पासून पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख, १९७४ मध्ये पद्मभूषण. मी त्या गावात वीस वर्षं काढली. आमच्याकडे कोल्हापूर म्हटलं की तालीम आणि तांबडा रस्सा.

कॅल्क्युलस थ्री, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स, पायथन: हे सगळं २०२३ ते २०२४ मध्ये झालं आणि टूच्या मानाने सोपं गेलं. फक्त झेड-अक्षाला 'झी' म्हणायला लागायचं. मॅथ सेंटरमध्ये ट्यूटर व्हाल का, अशी विचारणा झाली तेव्हा ईएडी (काम करायचा परवाना) नसल्याने नाही म्हणावं लागलं. ते जिव्हारी लागलं. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज) मंजूर झाल्यावर ईएडी आला आणि मग तेही केलं.

२०२४च्या मे महिन्यात काळा झगा घालून स्टेजवरून चालले. लेकीने फोटो काढले, कोल्हापूरच्या ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडला. दोन आठवड्यांनी पोर्टल उघडलं तर डिग्रीच्या रकान्यात काहीच नाही. सगळे विषय पास, युनिट्स साठाच्या वर, आणि डिग्री नाही. आमच्या कॉलेजात डिग्री आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत मार्चमध्येच संपली होती. ईमेल आला होता. माझ्याकडेच होता, न वाचलेला. तीन वर्षं प्रत्येक पायरी लिहून काढणारी मी शेवटची पायरी विसरले. उन्हाळी सत्राच्या मुदतीत अर्ज केला, डिग्रीवर मेऐवजी ऑगस्ट पडला. त्या वर्षीचा ट्रान्सफर मी तसाही लेकीच्या हायस्कूलमुळे पुढे ढकलला होता, म्हणून निभावलं. तुम्ही असं करू नका. शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात तो अर्ज भरा.

जाड पाकिटातून डिग्री आली त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने चष्मा लावून नाव वाचलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही आहे ना ते पाहिलं.

"झालं ना आता?"

"अजून दोन वर्षं. विद्यापीठात."

आई हिशोब करत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते.

"म्हणजे तू आता टी.वाय.ला."

"हो."

"बरं. फॉर्म वेळेवर भर."