घोडीच्या सायनसमधली दाढेची गाठ: सात तासांचा प्रवास आणि ऑपरेशन

आमच्या तीन वर्षांच्या घोडीच्या डाव्या नाकपुडीतून पू यायचा. अँटिबायोटिक चालू असलं की थांबायचा, बंद केलं की पुन्हा सुरू. वास कुजका. सर्दी समजून मी दोन महिने घालवले, ते आजही सलतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर थांबू नका, एक्स-रे काढून घ्या. वरच्या जबड्यातल्या मागच्या तीन-चार दाढांची मुळं सायनसमध्येच, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीतच असतात. हिच्या एक्स-रेत डोळ्याखाली ओबडधोबड पांढरा गोळा दिसला. ओडोंटोमा: दात घडवणाऱ्या पेशींनी भलत्याच जागी रचलेला इनॅमल, डेंटिन आणि सिमेंटम या दाताच्या थरांचा ढीग.

मोठ्या पशुरुग्णालयात पोचायला सात तास लागले. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्यात हिची एक नाकपुडी तुंबलेली. ट्रेलरमध्ये मान वर राहील असं आखूड बांधू नका. डोकं खाली गेलं नाही तर घाण फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनियाची भीती असते. दर तीन तासांना उतरवून गवत जमिनीवर टाकलं. तिने मान खाली घातली की पू ठिबकायचा.

सीटी स्कॅननंतर ऑपरेशन उभ्यानेच झालं, गुंगीचं औषध देऊन आणि जागा बधिर करून. पूर्ण भूल दिली तर उठताना घोडा धडपडून पाय मोडायचा धोका असतो, म्हणून उभ्याने करायचा पर्याय आहे का ते विचाराच. डॉक्टरांनी नाकाच्या वरचं हाड तीन बाजूंनी कापून झडपेसारखं उचललं. गाठ अखंड निघेना, तुकडे करावे लागले. ट्रेमधला एक तुकडा अक्रोडाएवढा, पिवळट. एका कडेला मात्र खऱ्या दाताची चकाकी. रक्त खूप जातं, मनाची तयारी ठेवा. रक्त चढवायची सोय आधीच विचारून घ्या. टाके घालण्याआधी पुन्हा एक्स-रे काढून काही उरलं नाही ना, हे त्यांनी पाहिलं. तुकडे तपासणीला पाठवायला सांगायचं विसरू नका.

गुंगी पूर्ण उतरेपर्यंत चारा देऊ नका, घशात अडकतो. सायनसमध्ये कोंबलेलं गॉज दुसऱ्या दिवशी काढलं, मग रोज नळीतून कोमट सलाईनने धुणं. मोहरकीचा नाकपट्टा जखमेवर घासत होता. मऊ कापड गुंडाळलेली सैल मोहरकी घरूनच न्या. बाराव्या दिवशी टाके निघाले. आता सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे आहे, तोवर रोज सकाळी दोन्ही नाकपुड्यांसमोर तळवा धरून हवा सारखी येते का ते बघतो.