खुंटाचा गुलाब

आमच्या फाटकावर चढलेला गुलाब मी लावलेला नाही. म्हणजे रोप मीच आणलं, खड्डा मीच खणला, पाणीही मीच घातलं. पण आणलं होतं ते दुसरंच काहीतरी.

मूळ खोड मामेबहिणीची. ती लीड्सला असते. तिच्या मागच्या दाराशी विटांच्या भिंतीवर एक गुलाब चढवलेला आहे आणि दर जूनमध्ये त्याचा फोटो आमच्या भावंडांच्या ग्रुपवर येतो. गडद गुलाबी, सैलसर फुलं, भिंत दिसत नाही इतकी. नाव झेफिरीन द्रुएँ. जात 1868 सालची, फ्रान्समधली. "आणि काटे नाहीत गं, अजिबात!" हे ती दरवर्षी लिहिते. पानांवर काळे ठिपके पडतात, निम्मी पानं गळतात, हे एकदाच लिहिलं होतं, तेही मी खोदून विचारल्यावर.

तर असा गुलाब आपल्याकडे हवा, असं डोक्यात बसलं. आपल्याकडे म्हणजे पुण्यात, तळमजल्याच्या फ्लॅटला लागून बिल्डरने दिलेल्या सात बाय पंधरा फुटांच्या पट्टीत. ब्रोशरमध्ये तिला 'प्रायव्हेट गार्डन' म्हटलं होतं. खणायला घेतलं तेव्हा वीतभर मातीखाली राडारोडा लागला: विटांचे तुकडे, फरशीचे कोपरे, सिमेंटचं गोठलेलं घमेलंभर ढेकूळ आणि एका पायातली स्लीपर. दोन फूट खोल जायला तीन रविवार गेले. त्यात शेणखत, लाल माती, थोडी निंबोळी पेंड घातली आणि नर्सरीतून साडेतीनशे रुपयांचा 'वेली गुलाब, गुलाबी, सुवासिक' आणून लावला. पिशवीला टाचलेल्या चित्रात तो कौलारू घरावर चढलेला होता.

पहिल्या वर्षी त्याने चार फुलं दिली. वास घ्यायला नाक पाकळ्यांत खुपसावं लागे आणि तरीही आला असं म्हणायचं ते चित्राला मान देऊन. दुसऱ्या पावसाळ्यात फांदी शेंड्याकडून काळी पडायला लागली. मी कापत गेले, कापलेल्या टोकाला बुरशीवरची बोर्डो पेस्ट लावत गेले, काळेपणा खाली उतरत गेला. गणपती येईपर्यंत जमिनीवर बोटभर खुंटारा उरला होता.

दसऱ्याच्या सुमारास त्या खुंटाऱ्याच्या बुडातून, कलमाच्या गाठीच्याही खालून, एक कोंब निघाला. लालसर, तुकतुकीत, आणि घाई असल्यासारखा. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "सात पानी आहे. खुंट माजलाय. काढून टाक."

गुलाब ज्यांनी लावलाय त्यांना हे सांगायला नको. नर्सरीतला बहुतेक गुलाब दोन झाडांचा असतो. खाली मुळं धरणारं दणकट झाड, तो खुंट. वर त्याच्या सालीत भरलेला देखण्या जातीचा डोळा. डोळा फुटला की खुंटाचा स्वतःचा शेंडा उडवतात. पुढे जन्मभर तो खालून रस चढवतो आणि फुलं मात्र दुसऱ्याची येतात. मधूनच त्याला स्वतःची फूट आलीच तर ती मुळाशी धरून ओरबाडायची, कारण ती वरच्याचं खाते. आमच्याकडे वरचा राहिलाच नव्हता. शिवाय काकूंची सात पानांची खूण धरून मी पानं मोजली, कुठे सात होती, कुठे पाच. मग आळस केला आणि कोंब ठेवला. माझ्या बागकामातले बरेचसे चांगले निर्णय याच पद्धतीने झालेले आहेत.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि वास आला. फूल दिसायच्या आधी. ते खाली, कुंडीआड, गुडघ्याच्या उंचीवर उमललं होतं. गर्द गुलाबी, मधे पाकळ्यांची गर्दी, आकार असा काही नाहीच. सासूबाईंनी ते हातात घेतलं, चुरगळायच्या बेतात आणून वास घेतला आणि म्हणाल्या, "हा गुलकंदाचा. आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढायचा." छाटणीला येणाऱ्या माळीदादांनी पुढे नावही सांगितलं. "एडवर्ड आहे हा, ताई. खुंटाला वापरतात."

एडवर्ड म्हटल्यावर मला अर्थातच केईएममधला एडवर्ड आठवला. इंग्रज राजा, त्याच्या नावाचं हॉस्पिटल, त्याच्या नावाचा गुलाब, सगळं जुळतं. पण या गुलाबाचं राजघराण्याशी नातं नाही. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियों नावाचं फ्रेंच बेट आहे. त्याचं जुनं नाव बूर्बों. तिथे शेतांच्या कडेला कुंपण म्हणून दोन प्रकारचे गुलाब लावत: एक सुवासाचा दमास्क, एक चीनकडचा, पुन्हा पुन्हा फुलणारा. कुंपणात शेजारी शेजारी राहून व्हायचं ते झालं आणि दोघांचे गुण घेतलेलं एक झाड आपोआप उगवलं. बेटावर त्याला 'रोज एदुआर' म्हणत. 1820 च्या आगेमागे त्याचं बी पॅरिसला गेलं आणि त्यातून बूर्बों गुलाबांचं घराणं सुरू झालं. आपल्याकडे एदुआरचा एडवर्ड झाला.

आणि लीड्सची ती झेफिरीनही याच बूर्बों घराण्यातली. म्हणजे मामेबहिणीच्या भिंतीवर जी मिरवते तिचा हा मूळपुरुष आमच्या फाटकाशी, मेलेल्या कलमाखालून वर आला होता. मी हे ग्रुपवर लिहिलं. तिने अंगठा पाठवला आणि विचारलं, "काटे आहेत का?"

आहेत. चांगले आहेत. दुसऱ्या वर्षी त्याने आठ-नऊ फुटांच्या फोका सरळ आभाळात सोडल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला, माझ्या हाताला न येतील अशी दोन-तीन फुलं. खालची सगळी काठी कोरडी. यावर उपाय म्हणजे त्यांना आडवं करायचं. शेंडा वर असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना डोकं वर काढू देत नाही. तिथे तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरून त्यांना दाबून ठेवतं. फोक आडवी केली की त्याचा हा वचक ढिला पडतो, पेरापेरावरचा डोळा जागा होतो आणि प्रत्येकाची उभी डहाळी होऊन तिच्यावर कळी येते.

सांगायला सोपं आहे. फोक कोवळी असताना वाकते, जून झाली की काड्कन मोडते, आणि वाकवताना ती तुमच्या बाहीला, केसांना, एकदा तर कानातल्याला धरून बसते. दोरीने साल कापली जाते, तारेचं तर नावच नको. शेवटी एका विटक्या सुती साडीचे काठ फाडले. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ घालायचा, एक फेर ग्रिलला, एक फेर फोकेला, मधे बोटभर मोकळं. त्या हिरव्या काठाच्या गाठी अजून आहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटतं आम्ही नवस बोललोय.

एका फोकेवर त्या हिवाळ्यात एकवीस कळ्या मोजल्या. मावा दोनदा आला, भुरी एकदा. पाण्याचा जोरदार फवारा आणि नीमतेल, एवढ्यावर भागलं. फूल मात्र टिकाऊ नाही. सकाळी सातला जे असतं ते दुपारी मान टाकतं, दुसऱ्या दिवशी पायरीवर पाकळ्या. फुलदाणीत ठेवायचा असेल तर तो डच गुलाबच. मार्केट यार्डात वीस फुलांची गड्डी मिळते, मावळच्या पॉलिहाऊसमधली, हातभर सरळ दांडा, आठवडाभर ताठ. वास तेवढा मागायचा नाही. 2015 साली फ्रेंच संशोधकांनी गुलाबाच्या वासामागचं एक एन्झाइम शोधून काढलं. सुवासिक जातींच्या पाकळ्यांत ते जोरात कामाला असतं, बिनवासाच्या जातींत जवळजवळ नसतंच. टिकाऊपणा आणि दांडा बघत जाती निवडत गेलो, वासाचं कोणी विचारलंच नाही.

सासूबाई उन्हं यायच्या आत फुलं तोडतात. ऊन चढलं की वास उडतो, हे त्यांना एन्झाइमशिवाय माहीत आहे. पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, आणि बरणी गच्चीत. गंमत अशी, की फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब हे खरं तर गुलाबपाण्याचंच नाव. पाणी तिकडे राहिलं, नाव आपण फुलाला लावलं आणि मग पाण्याला म्हणायला पुन्हा पाणी जोडलं. पूर्ण हंगामाच्या पाकळ्यांचा गुलकंद जॅमच्या एका बाटलीत मावला. घरच्यांनी तो चार दिवसांत संपवला आणि "यंदा कमी झाला" म्हणाले.

गेल्या ऑक्टोबरात छाटणीला माळीदादा आले. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या वेगळ्या काढून, पानं सोलून, त्यांनी सुतळीने मोळी बांधली. मी म्हटलं, कचऱ्याच्या गाडीत टाकते. "टाकू नका ताई, या मला पाहिजेत. एडवर्डची काडी लगेच मूळ धरते. पिशव्यांत लावतो, जाड झाल्या की डोळे भरतो."

"कुठल्या गुलाबाचे?"

"जो खपेल त्याचे."

मोळी सायकलच्या कॅरिअरला अडकवून ते गेले. दोन काड्या मी आधीच काढून तुळशीच्या कुंडीमागे खोचल्या होत्या.