गारेगार, साखर वजा

सांगलीकडं बर्फाच्या कांडीला गारेगार म्हणतात. नावात गोडाचा उल्लेखही नाही, नुसता गारवा. पण जिथं हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं निमूट रांग धरावी लागते, तिथं गार म्हणजे गोड हे न बोलता ठरलेलं असतं. त्यामुळं वजन उतरवायची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उन्हाळ्यात भूक फारशी छळत नाही, भेटायला आलेले छळतात. "एवढ्याशानं काय होतंय? घ्या की वाईच!"

वाईचनंच होतं. यातल्या बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे) जठराचा छोटा कप्पा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात; तो कप्पा सुरुवातीला जेमतेम 30 मिलीचा, म्हणजे दोन मोठे चमचे. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, उरते ती 100 ते 150 मिलीची नळी. साखरेचं दाट मिश्रण तिथं रेंगाळत नाही, झपकन लहान आतड्यात उतरतं. ते पातळ करायला आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं, आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, मुरडा, कधी जुलाब. याला डंपिंग म्हणतात. बायपासवाल्यांना जास्त, पण स्लीव्हवाले अगदीच सुटलेले नाहीत. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय कापतात. "गुळाची आहे", "मधाची आहे", "नुसते बेदाणे घातलेत" हे युक्तिवाद आतड्याला पटत नाहीत. तासगावचा बेदाणा कितीही देखणा असला तरी वजनाच्या निम्म्याहून जास्त तो साखरच.

मग साखर काढून टाकली की झालं? इथंच बहुतेकांची पहिली कुल्फी दगड होते. बर्फाच्या पदार्थात साखर दोन नोकऱ्या करते. एक गोडीची, सगळ्यांना दिसणारी. दुसरी गुपचूप: ती पाण्याला पुरतं गोठू देत नाही. घरच्या फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांनाही थोडं पाणी पातळ राहतं, म्हणून चमचा आत शिरतो. सुक्रालोज ही कृत्रिम गोडी साखरेच्या सुमारे 600 पट गोड, म्हणजे 150 ग्रॅम साखरेची गोडी पाव ग्रॅममध्ये येते. जिभेचं समाधान होतं, पण फ्रीजरला ते पाव ग्रॅम जाणवतही नाही.

दुसरी नोकरी काही अंशी एरिथ्रिटॉल करतं, साखरेऐवजी वापरायची ती गोड पूड. त्याचा रेणू साखरेपेक्षा हलका, त्यामुळं वजनाला वजन धरलं तर गोठणं ते जास्त अडवतं. पण गार पाण्यात ते नीट विरघळत नाही. हात सैल सोडला की दुसऱ्या दिवशी कुल्फी वाळूसारखी कचकचते, आणि पोटात गुडगुड होते ती वेगळीच.

बासुंदीसारखं दूध आटवून साखर तेवढी वगळायची, हा घरोघरी सुचणारा उपाय. तो फसवा आहे. लिटरभर दुधात 50 ग्रॅमच्या आसपास दुधाचीच साखर असते. दूध तिसऱ्या हिश्श्यावर आलं तरी ती सगळी आत, म्हणजे 100 मिलीला जवळपास 15 ग्रॅम. तिची गोडी इतकी कमी की जिभेला पत्ता लागत नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर कित्येकांना ही साखर पचत नाही.

त्यापेक्षा आपला चक्का शहाणा. पाण्याबरोबर दुधाची साखरही बरीचशी निथळून जाते आणि प्रथिनं मागं राहतात. फडक्यात बांधलेलं दही चाळणीवर, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये रात्रभर. एप्रिलच्या उकाड्यात खुंटीला टांगलं तर सकाळी आंबट ढाण होतं. निथळलेल्या पाण्यात घरातल्या बाकीच्यांची कणीक मळावी.

200 ग्रॅम चक्का, 100 मिली साय काढलेलं दूध, 20 ग्रॅम बिनचवीचं व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पूड), दोन मोठे चमचे एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं केलेलं, वेलदोडा, आठ-दहा केशरकाड्या, किंचित मीठ. थोड्या दुधात, ते गरम असतानाच, एरिथ्रिटॉल आणि केशर विरघळवावं, आणि दूध पुरतं निवल्यावर व्हे घालावं. गरम दुधात व्हे घातलं तर रवाळ गुठळ्या होतात आणि मग कितीही घुसळा. शेवटी चक्का घालून रवीनं हलक्या हातानं फिरवावं. मिक्सर जोरात फिरवला तर फेस साच्यात वर येतो आणि कुल्फीचे दोन मजले होतात: वर भुसभुशीत, खाली काच. साचे 30 मिलीचे, स्टीलचे किंवा प्लास्टिकचे; चक्का आंबट, म्हणून ॲल्युमिनियम नको. एवढ्यात दहा-अकरा कुल्फ्या होतात, प्रत्येकीत साधारण 3 ग्रॅम प्रथिनं. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम गाठायची असताना 3 ग्रॅमही मोलाचे.

गोडी कमी वाटली तर स्टीव्हियाचा थेंब, पण दोनाच्या पुढं कडवट मागचव येते. थंडीनं गोडी मंदावते, म्हणून मिश्रण थोडं जास्त गोड ठेवावं असं म्हणतात. मात्र या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना गोडच जास्त लागतं, तेव्हा आधी एकच साचा गोठवून पाहावा. ॲस्पार्टेमच्या गोळ्या उकळत्या दुधात टाकू नयेत, उष्णतेनं त्यांची गोडी जाते. विकतच्या 'शुगर फ्री' डब्याची मागची बाजू वाचावी. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल दिसलं तर पुढचं काम संडासात. आणि सुक्रालोज, स्टीव्हिया, ॲस्पार्टेमसारख्या गोडीनं वजन आटोक्यात राहील या भरवशावर राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच 2023 मध्ये सांगून ठेवलंय. हौस म्हणून ठीक.

सातारकरांची सोय वेगळी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत 100 ग्रॅमला 5 ग्रॅमच्या आसपास साखर. 200 ग्रॅम फळ वाटून बारीक गाळणीतून गाळायचं, कारण ते चिमुकले दाणे नव्या टाक्यांच्या पोटाला नकोत. दीड वाटी पाणी, लिंबाचे थेंब, चवीपुरती गोडी. हे साच्यात न घालता स्टीलच्या ताटात बोटभर जाडीचं ओतावं आणि दर अर्ध्या-पाऊण तासानं काट्यानं खरवडावं, तीन-चारदा. दगड होण्याआधीच त्याचा भुगा होतो, साखरेच्या दुसऱ्या नोकरीची गरजच उरत नाही. बर्फाच्या गोळ्यासारखं लागतं, आणि पाणी घरचं उकळलेलं असतं.

कुठल्या आठवड्यात काय चालेल ते आहारतज्ज्ञांच्या कागदावर असेल तसंच. बर्फ तोंडात विरघळतो, म्हणजे पोटाच्या हिशेबी तो पातळच. जेवणावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्यावा. चावून गिळू नये, छातीत आवळतं. एका साच्याला दहा-पंधरा मिनिटं लागायला हवीत, त्यासाठी उष्टावणातला चांदीचा चमचा काढावा, माप अगदी बेतशीर.

आणि पातळ आहाराच्या दिवसांत बर्फाच्या ट्रेमध्ये गाळलेलं ताक ओतावं. मीठ, जिऱ्याची पूड फडक्यातून गाळून. एक खडा 15 ते 20 मिली, गालात धरून ठेवायचा. पाहुणा विचारील, "गोड नाही व्हय ह्यात?" त्याला एक द्यावा.