आजींच्या शोकेसची काच

पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ऐंशी खुर्च्यांचा एक हॉल आहे. तिथला साऊंड मी गेली अकरा वर्षं बघतो. एक मिक्सर, चार स्पीकर, खर्जासाठी वेगळा एक सब आणि एक फुगलेली निळी फाइल, एवढा माझा संसार. त्यात सगळ्यात जड फाइलच. परफॉर्मन्स लायसन्स, प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी लाऊडस्पीकर परवानगी, अग्निशमनचा दाखला, कॉपीराइट सोसायटीची पावती. मैदानावर हजारो माणसं जमवणाऱ्याला जे कागद लागतात, त्यातले बहुतेक आम्हा ऐंशीवाल्यांनाही लागतात. तिकीट आम्ही ४०० ठेवतो, कारण ५०० पर्यंत जीएसटी नाही. म्हणजे हॉल ठासून भरला तरी ३२ हजार. त्यात कलाकार, वीज, चहा आणि मी.

त्या शनिवारी कार्यक्रम दोन भागांत होता. आधी चार पोरांचा बँड: गिटार, बास, काहोन (हाताने वाजवायचा लाकडी खोका) आणि गाणारी एक मुलगी. ओव्या आणि भारुडं नव्या चालीत गातात, चांगलं गातात. नंतर एका बाईंचं ख्यालगायन. बास वाजवणारा पोरगा चांदणी चौकात अडकला आणि सातचं पावणेआठ झालं. बाई ग्रीनरूममध्ये, म्हणजे झेरॉक्स मशीन ठेवलेल्या खोलीत, तानपुरा लावत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बागेश्री गाऊन मग मालकंस घेईन म्हणते. वेळ मिळेल ना?" मी मान डोलावली. मनात म्हटलं, मालकंस मध्यरात्रीनंतरचा, आणि आपलं सगळं दहाच्या आत. पण आता सगळेच नऊ वाजता मालकंस गातात, ऐकणाऱ्यांनाही सवय झाली आहे.

पावणेनऊला बँड ऐन रंगात असताना दारात पोलिसांचे दोन बीट मार्शल उभे. ११२ वर कॉल आला होता. मी फाइल घेऊन जिन्यात गेलो. त्यातल्या तरुणाने पानं उलटली, परवानगीवरचा शिक्का पाहिला आणि म्हणाला, "कागद बरोबर आहेत साहेब. पण तक्रार आहे. आवाज कमी करा."

"किती कमी?"

"कमी म्हणजे कमी."

इथे मला राहवलं नाही. माझ्याकडे आवाज मोजायचं मीटर आहे, बऱ्यापैकी महागाचं. त्यांना घेऊन खाली रस्त्यावर गेलो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मला आरतीसारखे पाठ आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेतून येणारा आवाज तिच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलपेक्षा वर जाता कामा नये. आमच्या गल्लीत खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. तिला निवासी म्हणायचं की व्यापारी, हे मला अकरा वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. मीटर धरलं. ५९. एक रिक्षा गेली, ७४. बुलेट गेली तेव्हा आकडा बघायची गरजच पडली नाही. तरुण मार्शल हसला. "बघा," मी म्हटलं, "नियमात बसतंय." म्हणजे व्यापारी धरली तर आरामात. निवासी धरली तरी ६० पर्यंत चालतं, एका डेसिबलने सुटलो होतो.

दुसरा मार्शल वयाने मोठा होता. तो म्हणाला, "कॉल शेजारच्या बिल्डिंगमधून आहे. म्हातारी बाई आहे. चला, तिच्याकडेच जाऊन बघू."

खरं सांगतो, मी तावातच जिना चढलो. आमची आणि शेजारची इमारत पूर्वी एकाच वाड्याची होती, मधली भिंत अजूनही सामाईक आहे. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या आजींनी. आतल्या खोलीत आजोबा झोपलेले, आठवड्यापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. आजी म्हणाल्या, "फोन मीच केला. लपवायचं काय त्यात?"

मी मीटर पुढे केलं आणि नियम सांगायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. "हे बघा, मी रमणबागेत सतरंजी टाकून रात्रभर सवाई गंधर्व महोत्सव ऐकलेली बाई आहे. मला गाण्याचा त्रास होत नाही. तुमच्या त्या मुलीचं गाणं तर मला इथे ऐकूही येत नाही. हे काय आहे ते ऐका." आणि शोकेसकडे बोट केलं.

शोकेसची सरकती काच थरथरत होती. प्रत्येक ठेक्याला आतले स्टीलचे पेले एकमेकांवर किणकिणत होते. मी भिंतीला तळवा लावला. बास गिटार माझ्या मनगटात वाजत होती.

मीटर बघितलं तर ४४. ४४ म्हणजे रात्री दहानंतरच्या मर्यादेतसुद्धा बसणारा आकडा! कायद्याने आजींची तक्रार उभीच राहत नव्हती. ठरलेल्या पातळीच्या १० डेसिबल वर आवाज गेला तर तक्रार, असं नियम म्हणतो. आणि माझ्या डोळ्यांसमोर काच हलत होती.

मग मी मीटरचं बटण ए वरून सी वर सरकवलं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे माहीत असतं, आणि आम्ही सोयीने विसरतो. कायद्यातलं मोजमाप ए चं आहे. त्यात कान जसं ऐकतो तसं वजन लावतात, आणि खर्जाचा आवाज फार कमी धरला जातो. ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल वजा होतात. सी वर ती कपात जवळजवळ नसते. आकडा आला ६७. एकाच खोलीत, एकाच क्षणी, ४४ आणि ६७. मार्शलांनी विचारलं, "यातला खरा कुठला?" मी म्हटलं, "कागदावर पहिला." आजी काही बोलल्या नाहीत, पेले एकेक करून टेबलावर काढून ठेवायला लागल्या.

मी धावत खाली आलो. सब बंद केला, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. तरी फोनवर आजी म्हणाल्या, थोडंच कमी झालं. तेव्हा ट्यूब पेटली. बासचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, थेट लाकडी स्टेजवर ठेवला होता, आणि स्टेजच्या तुळया त्याच सामाईक भिंतीत गेलेल्या आहेत. आवाज हवेतून जातच नव्हता, लाकडातून जात होता. बैठकीच्या दोन गाद्या दुमडून अँपखाली घातल्या. गाणं चालू असताना स्टेजवर माणूस गाद्या घेऊन चढतो, तेव्हा प्रेक्षकांना वाटतं हा प्रयोगाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. आजी म्हणाल्या, "आता चालेल." अकरा वर्षं स्टेज तिथे आहे आणि अकरा वर्षं मी स्पीकरचीच तोंडं फिरवत बसलो होतो.

या सगळ्यात बाई गायला बसल्या साडेनवाला. बागेश्रीचा विलंबित जेमतेम उमलत होता आणि मोठे मार्शल दारातून घड्याळ दाखवायला लागले. मी बाहेर जाऊन नियम ५ सांगितला: बंद सभागृहात, आतल्या आत, रात्रीही चालतं, तसा अपवाद लिहिलेला आहे. ते शांतपणे म्हणाले, "असेल साहेब. पण तुमच्या परवानगीवर दहा लिहिलंय, आणि मला हा कॉल क्लोज करायचाय." त्यांचंही बरोबर होतं. अपवाद नियमात असतो, शिक्का मारलेल्या कागदावर नसतो.

दहाला पाच कमी असताना मी बाईंना खूण केली. त्यांनी आवर्तन पुरं केलं, माईक हाताने बाजूला सरकवला आणि मला म्हणाल्या, "मेन स्पीकर बंद करा." खिडक्या आधीच बंद होत्या. मी एसीही बंद केला, कारण त्याचा बाहेरचा डबा हीच आमच्यावरची मागच्या वर्षीची तक्रार होती. ऐंशी माणसं घामाघूम. मालकंस झाला वीस मिनिटं, विनामाईक. मागच्या रांगेपर्यंत सगळं पोचलं. मी मिक्सरमागे बेकार बसून होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत वाद्यंसुद्धा आली आहेत, तेव्हा हेच गाणं आमच्या मागच्या अंगणात झालं असतं तर तानपुराही बेकायदा ठरला असता. मार्शल तोवर निघून गेले होते. कॉल क्लोज.

सोमवारी हॉल चालवणाऱ्या मालकांनी मला बोलावलं. बँडचं बुकिंग बंद करू, म्हणाले, नुसतं ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत ठेवू. सामाईक भिंतीपासून सुटी भिंत उभी करायची, स्टेज सुटं करायचं, तर दोन-तीन लाख कुठेच गेले नाहीत, आणि हॉल भाड्याचा. त्यांचं गणित मला मान्य होतं. पण बासवाल्या पोराचा फोन आधीच येऊन गेला होता: "दादा, हॉटेलवाले म्हणतात हिंदी कव्हर वाजवा. तुम्ही पण नाही म्हणालात तर आमचं स्वतःचं आम्ही वाजवायचं कुठे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालकांकडून एक महिना मागून घेतला.

टायरवाल्याकडून जाड रबराचे तुकडे आणले, स्टेजच्या पायांखाली बसवले, तुळयांची भिंतीतली टोकं सुताराकडून कापून मोकळी केली. सगळं मिळून साडेअकरा हजार. मग एका मंगळवारी दुपारी आजींना फोन लावला, आणि बासची एकेक तार छेडत विचारत गेलो.

"आता येतंय?"

"नाही."

"आता?"

"थांबा, कुकरची शिट्टी होऊ दे."

"आता?"

"येतंय. थोडं. पण काच गप्प आहे."

मी त्या स्वरापाशी मिक्सरवर पांढऱ्या पेन्सिलने खूण केली. पोरांना तारीख दिली रविवारची, सकाळी अकराची. तुम्हीही या, असं आजींना म्हटलं. त्या म्हणाल्या, यांच्या गोळ्यांची वेळ असते, आणि फोन ठेवला.