ट्रकचा वेग, डिझेल आणि उजवी लेन

किणी टोलनाक्याच्या आसपास उजव्या लेनमधला भरलेला ट्रक डावीकडच्या तितक्याच भरलेल्या ट्रकला ओलांडू पाहतो, दोघांच्या वेगात ताशी दोन-तीन किलोमीटरचाच फरक असतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. वेगनियंत्रक 80 च्या पुढे जाऊ देत नसल्याने ही शर्यत लवकर संपतही नाही.

एवढ्या धडपडीतून हाती काय लागते? हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी 65 ऐवजी 75 ने गेल्यास तो सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, आणि ट्रकचे सपाट तोंड व सैल बांधलेली, फडफडणारी ताडपत्री त्यात भरच घालतात. कोल्हापूर ते सातारा या सुमारे 120 किलोमीटरच्या वाटेत वाचतो तो जेमतेम पाव तास, आणि तोही पुढच्या टोलच्या रांगेत जिरतो. डिझेलचा खर्च मात्र मालकाच्या हिशेबात राहतोच.

उसाच्या हंगामात मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्यांमुळे ट्रकला उजवीकडे यावेच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. इतर वेळी डावीकडच्या चालकाने क्षणभर ॲक्सिलरेटर सैल सोडावा आणि जागा होताच एकदा डिपर द्यावा.